एका दिवसाची माती

सन दोन हजार पंचवीस. चैत्राचा वद्य पक्ष. शेतात कांद्याच्या बियाण्याचे गोंडे वाळायला लागले होते आणि दुपारचे दोन वाजले होते. तिथून सांगतो. त्याआधीचं माझं आयुष्य चार ओळींचं आहे.

मी दगड आहे. काळा, दोन हात लांब, भिंतीत आरपार बसवलेला. एक तोंड बोळाकडे, दुसरं घरात. आगीच्या रसातून थिजलो आणि रोहिणखेडच्या बाजूला एका खाणीत किती काळ पडून होतो ते मलाच ठाऊक नाही. साठ वर्षांपूर्वी मोतीराम गवंड्याने मला पहारीने उचकटून काढलं आणि गाडीत घालून या गावात आणलं.

मोतीरामने माझ्यासकट असे सहा लांब दगड आणले होते. घर बांधणाऱ्या मालकाला तो म्हणाला, "मालक, दर चार हातांवर असा एक आडवा टाकतो. बाहेरची फळी अन् आतली फळी एकमेकीले धरून राहीन."

मालक म्हणाला, "काऊन? भिंतीच्या पोटात काय हाय ते कोन पाहाले येते? फोड त्याहिले. एकाचे दोन होतीन. बाहेरून तोंडं चांगली दिसली पाह्यजेत."

मोतीरामने पाच फोडले. माझी पाळी आली तेव्हा घणाचा दांडा तडकला आणि दिवस मावळला. म्हणून मी अख्खा राहिलो. पुढच्या कोपऱ्यात बसलो. बाकीची भिंत म्हणजे एकमेकींकडे पाठ करून उभ्या असलेल्या दोन भिंती, मधे चिखल आणि खडी. बाहेरून ती एकच दिसते. लोक तिला दोन हात जाडीची भिंत म्हणतात आणि अभिमानाने थोपटतात.

त्या मालकाचा मुलगा महादेवराव. मी त्याला दहा वर्षांचा पाहिला आहे, म्हणून अरेतुरे करतो. आता तो सत्तरीत आहे. त्याची बायको सोजराबाई. मुलगा अविनाश संग्रामपूरला दुकान चालवतो. अविनाशची मुलगी समीक्षा बारावीला; तिचं कॉलेज जवळ पडतं म्हणून ती आजीआजोबांजवळ राहते. घरात माणसं तीनच.

घर धाब्याचं. तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर पाला आणि पाल्यावर पांढरी माती. उन्हाळ्यात गार, पावसात कोरडं. त्यासाठी दरवर्षी अखजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीया झाली की, धाब्यावर नवी माती टाकतात. पावसाने थोडी वाहून जाते, बरीच राहते. दरसाल बोटभर. साठ वर्षं झाली. जुनी माती कोणी काढत नाही. काढायची असते हे कोणाच्या डोक्यात येत नाही, कारण माती टाकणं म्हणजे घराची काळजी घेणं. ज्याच्या धाब्यावर जाड माती, तो माणूस जबाबदार.

या मातीचा एक नियमही आहे. तुम्ही माझ्या धाब्यावर एक दिवस राबा, मी तुमच्या धाब्यावर एक दिवस राबेन. मजुरी नाही, फक्त जेवण. दिवसाला दिवस. महादेवराव आणि समोरच्या घरचा शेषराव यांची ही जोडी चाळीस वर्षांची. चाळीस वर्षांत कोणाचा दिवस राहिला नव्हता.

आता चैत्रातली ती दुपार.

तुम्ही जमिनीला स्थिर म्हणता. ती स्थिर नाही. खाली कोसाकोसांच्या खोलीवर दगड दगडाला रेटत असतो. जुन्या चिरा असतात. त्या अडकून बसतात आणि रेटा साठत जातो. वर्षानुवर्षं साठतो. मग एके दिवशी चीर सरकते. वीतभर सरकली तरी पुरे. तो हिसका चहूकडे निघतो. निघतो तो हिसका, दगड नाही. प्रत्येक दगड आपल्या जागी थरथरतो आणि पुढच्याला धक्का देतो. मलाही असाच मिळाला.

पहिली लाट ढकलणारी. रांगेत मागच्याने धक्का दिला की तो पुढच्यापर्यंत पोचतो, तशी. ती सगळ्यांत वेगवान. तिच्याने भांडी किणकिणतात, जमिनीतून घरघर ऐकू येते, कुत्री उठून बसतात. ती घरं पाडत नाही.

दुसरी लाट आडवी हलवणारी. दोरीचं टोक झटकावं तशी. ती मागून येते आणि तिचा जोर जास्त. भिंतीला वजन पेलणं ठाऊक असतं, आडवं हलणं ठाऊक नसतं. त्यांच्या मागून जमिनीच्या पाठीवरून लोळत येणाऱ्या लाटा असतात. त्या सगळ्यांत उशिरा. काळ्या मातीवर घर असेल तर हे सगळं वाढतं. कातळ हलतो आणि थांबतो. काळी माती ताटातल्या दह्यासारखी हलत राहते.

पहिली आणि दुसरी यांच्यात जितकी उसंत, तितका उगम लांब. विजेचा आणि गडगडाटाचा हिशेब असतो तसाच. त्या दुपारी मी दहा मोजले. म्हणजे उगम पंचवीसेक कोस दूर होता.

भांडी वाजली. दहा मोजून झाले आणि घर हललं. फार नाही. फळीवरचा एक डबा पडला. तिघं बाहेर आली. बोळात सगळं गाव उभं होतं आणि हसत होतं. भीती उतरली की माणसं हसतात.

शेषराव म्हणाला, "महादू, तुही बायको चालली की जमीन हालते बे."

सोजराबाई म्हणाली, "भाऊजी, तुमची चालली असती तं गाव राह्यलं नसतं."

विहिरीचं पाणी दोन दिवस दुधासारखं गढूळ आलं. मागच्या खोलीत, जिथे सोजराबाई स्वयंपाक करते, भिंत आणि धाबं यांच्या सांध्यात बोटभर फट पडली. त्याच जागी भिंतीला पोट सुटलं होतं. बाहेरची फळी आतलीपासून सुटायला लागली होती. मला कळलं. मी कोपऱ्यात होतो, तिला धरायला तिथे कोणी नव्हतं.

समीक्षालाही कळलं. भूकंपात काय करायचं याची कवायत शाळेत तिने दोनदा केली होती. ती आजोबांपुढे उभी राहिली. "आबा, धाब्यावरची माती काढून टाका. मी वर जाऊन काठी खुपसून पाह्यली. गुडघ्यालोक माती हाय. सहा ट्रॉल्या तरी भरतीन. भिंत सुटून राह्यली, ते वजन कोन धरन?"

महादेवराव म्हणाला, "साठ वर्स धरलं त्या भितीनं. तू कालची."

"काढा ना आबा. पत्रे टाकू. पप्पा पत्रे आनून देतो म्हनते."

"पत्रे ढोराच्या कोठ्याले टाकतात."

सोजराबाई भाकरी थापत होती. तिने हात थांबवला नाही. "पोरी, पानी दरसाल येते. भूकंप का दरसाल येते? फट पडली, तं पानी आंदी तिथंच गळन. माहं जवारीचं कनिंग त्याच्याच खाली हाय."

सोजराबाई खरंच बोलली होती. पाणी दरसाल येतं.

मग त्यांनी काय केलं ते ऐका. फट भूकंपाने पडली होती. त्यांनी ती गळती समजून बुजवली. अखजी झाल्यावर तिसऱ्या दिवशी शेषराव सकाळीच टोपलं आणि फावडं घेऊन आला. "आन बे माती. फटीवर यंदा चार बोटं जास्त टाकू." दोघं म्हातारे दिवसभर राबले. महादेवराव खालून भरायचा, शेषराव शिडीने वर न्यायचा. साठ टोपली शेषरावने नेली. प्रत्येक टोपलं पडताना वरून दाब यायचा. तुळया कुरकुरायच्या. शेषराव त्या मातीवर चोपणं आपटायचा आणि म्हणायचा, "आता पाहू थेंब कसा येते."

दुपारी सोजराबाईने आमरस केला. शेषराव तीन वाट्या प्याला. जाताना म्हणाला, "सोमवारी माह्याकडं. इसरू नोको."

"हाव. सोमवारी."

सोमवारी महादेवरावचे गोंडे झोडायला निघाले. पुढच्या सोमवारी बी वाळत होतं. त्यानंतर पाऊस आला. वैशाखातच आला, जेठात थांबला नाही. ओल्या दिवसात धाब्यावर माती टाकत नाहीत. शेषरावचा दिवस राहिला.

शेषरावने त्याला सोडलं नाही. रोज सकाळी आपल्या ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा आणि बोळापलीकडून हाक द्यायचा. "महादेवराव, रातच्याले उशीवर थेंब पडला. मी म्हनलं, हे महादूचं टोपलं आलं वाटते."

"देतो ना बे. मरून राह्यलो का मी?"

"मरू नोको. आंदी दिवस दे, मंग मर."

महादेवराव हसायचा, पण त्याला ते लागायचं. तो देणं ठेवणारा माणूस नव्हता. शेताच्या वाटेवर जाताना तो रोज आभाळाकडे बघायचा, चार दिवस उघाड मिळते का म्हणून.

उघाड मिळाली नाही. आमच्या धाब्याने दीड महिना पाणी प्यायलं. सोजराबाईच्या कणगीवर खरंच थेंब आला नाही. माती सगळं पिऊन बसली. ओली माती कोरडीपेक्षा किती जड, ते ज्याच्या डोक्यावर टोपलं असतं त्याला विचारा.

आषाढ. सकाळचे आठ. पाऊस थांबला होता, आभाळ भरलेलं. महादेवराव बोळात उभा होता, शेषराव समोर आपल्या ओट्यावर. समीक्षा माझ्याजवळ, पुढच्या कोपऱ्यात, आरशापुढे वेणी घालत होती. सोजराबाई मागच्या खोलीत होती, तव्यावर भाकरी होती.

शेषराव म्हणाला, "आज पाऊस थांबला बे. आता काय कारन हाय?"

आणि पहिली लाट आली.

भांडी वाजली. समीक्षा ओरडली, "आजी, बाहीर ये!" ती स्वतः दाराकडे वळली नाही, आतल्या दाराकडे वळली. आजी म्हणाली, "थांब, तवा उतरू दे."

त्यांना वाटलं वेळ आहे. चैत्रात होता. तेव्हा दहा मोजून झाले होते. या वेळी मी एक मोजला, दोन मोजले, आणि दुसरी लाट आली. उगम पाच कोसांवर होता. भूकंप मोठा नव्हता. मध्यम होता, असं पुढे टीव्हीवर सांगितलं. पण तो जवळ होता, उथळ होता, आणि आम्ही काळ्या मातीवर होतो.

मागची भिंत उभी फाटली. बाहेरची फळी बाहेर गेली, आतली आत आली, मधली खडी सांडली. तुळयांची टोकं निसटली. मग माती आली. साठ वर्षांची, आणि वर यंदाची. आवाज मोठा नव्हता. ओलं पोतं टाकावं तसा एकच आवाज.

माझ्या अंगावरून लाट गेली तेव्हा बाहेरचे दगड एकीकडे निघाले, आतले दुसरीकडे. मी दोन्हीकडून ओढला गेलो. मी सोडलं नाही. कोपरा उभा राहिला, त्यावरची तुळई टिकली, आणि समीक्षा तिच्याखाली उरली. तिचा हात मोडला. यात माझी बढाई नाही. सहा जण असतो तर मागची खोलीही राहिली असती. पाच जणांना फोडलं होतं.

महादेवराव आत धावला. शेषराव त्याच्यामागे. गाव आलं. फावडं चालवायची भीती, खाली माणूस आहे. हातांनी उकरत होते. पाव घटकेने पुन्हा हललं. मोठ्या हिसक्यानंतर लहान हिसके येतात, चीर आपली जागा शोधत असते. उरलेल्या भिंतीतून चार दगड सुटले. लोक बोळात पळाले. महादेवराव पळाला नाही. त्याची नखं उलटली होती.

लाकूड पडलं, पत्रा पडला, तर माणसाभोवती पोकळी राहते. माती पोकळी ठेवत नाही. ती नाकातोंडापर्यंत जाते आणि तिथेच बसते. सोजराबाई तासाभराने सापडली. अंगावर ओरखडा नव्हता. हातात सांडशी होती.

शेषरावचं घर उभं होतं. तशीच भिंत, तीच जुनी माती, तेच धाबं. फक्त यंदाचा थर त्यावर पडला नव्हता आणि चैत्रातली फट तिथे नव्हती. भिंतीला पोट सुटलं होतं, एवढंच. शेषराव आपल्या ओट्यावर बसला आणि समोर बघत राहिला. तीन दिवस तो जेवला नाही. चौथ्या दिवशी राख सावडून आलेल्या महादेवरावपुढे तो उभा राहिला.

"महादू, साठ टोपले माहे होते."

शेषरावने ढिगाऱ्याकडे बोट केलं.

"वैनीनं रस वाढला मले. तीन वाट्या. अन् मी तिच्या डोक्शावर..."

"चूप बस बे," महादेवराव म्हणाला. "तू इमानदारीनं टाकले. मीच भरून देऊन राह्यलो होतो."

अविनाश मुलीला आणि बापाला संग्रामपूरला न्यायला आला. समीक्षा गेली. महादेवराव म्हणाला, "तेरवी होऊ दे. मंग एक काम हाय."

आता मी असा आहे. तीन बाजूंनी उघडा, वर एक तुळई, खाली ढिगारा. पाऊस सरळ अंगावर येतो. आत बसलेला माझा भाग साठ वर्षांनी उजेड पाहतो आहे. घर पुन्हा बांधतील, नाही बांधतील. माझं सांगणं एवढंच. तुम्ही भिंतीचं तोंड बघता, तिचं पोट बघा. धाब्यावर चढा आणि काठी खुपसून बघा डोक्यावर किती आहे. आमच्या घरात एका पोरीने तसं बघितलं होतं. तिचं ऐकलं नाही.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी महादेवराव सकाळी बोळ ओलांडून गेला. खांद्यावर फावडं, हातात टोपलं, काखेत नवी ताडपत्री. नखांना अजून पट्ट्या होत्या. त्याने शेषरावच्या धाब्याला शिडी लावली.

शेषराव बाहेर आला. "काय करून राह्यला?"

"तुहा दिवस बाकी हाय."

"आता नाई पाह्यजे मले माती."

"टाकाले नाई आलो. काढाले आलो."

शेषराव शिडी धरून उभा राहिला. "अरे आषाढ हाय. धाबं उघडं पडन. सारं घर गळन."

"गळू दे. ताडपत्री आनली. मंग अविनाश पत्रे आनन." महादेवराव दोन पायऱ्या चढला. "तुही बायको आत हाय ना? तिले बाहीर घे. दिवस बुडेलोक आत कोनी जायचं नाई."

"थांब, मीबी येतो वर."

"तू नोको. तू तुहा दिवस दिला. हा माहा हाय."

स्वयंपाकाच्या खोलीवर, भिंतीला पोट सुटलं होतं तिथेच, पहिलं फावडं लागलं. माती ओली होती, ढेकळं निघत नव्हती, चिकटत होती. महादेवराव टोपलं भरायचा, काठावर यायचा आणि खाली बोळात ओतायचा. सत्तर वर्षांचा माणूस. दर दहा टोपल्यांनी तो बसायचा. शेषरावने दोनदा शिडीवर पाय ठेवला, दोनदा त्याला खाली उतरवलं. शेवटी तो बोळातली माती ओढून बाजूला करू लागला. ते महादेवरावने चालवून घेतलं. दुपारी शेषरावच्या बायकोने शेजारणीच्या चुलीवर भाकरी भाजून वर पाठवली. ती त्याने मातीवर बसून खाल्ली. एकदा सर आली. तो भिजत काम करत राहिला.

एकेक टोपलं उतरत होतं तसं समोरच्या घराचं अंग हलकं होत होतं. आमच्यामध्ये बोळाची माती आहे, तिच्यातून मला ते कळत होतं. तुळया वर येत होत्या. केसभर, पण येत होत्या.

दिवस मावळताना त्या खोलीवरचा पाला लागला, मग फळ्या दिसल्या. महादेवरावने ताडपत्री पसरली, कडेला दगड ठेवले आणि खाली उतरला. बोळात त्याच्या कमरेइतका ढीग होता. त्याने फावडं ढिगात खोवलं.

"झाला बे तुहा दिवस," तो म्हणाला.

"झाला," शेषराव म्हणाला.